क्लिफ स्किडमोरचं कोपर

क्लिफ स्किडमोरचा उजवा हात पूर्ण सरळ होत नसे. अकरा वर्षांचा असताना तो गवताच्या गंजीवरून पडला आणि कोपर निखळलं. खाणीतल्या लोकांची हाडं बसवणारा एक म्हातारा त्यांच्या गल्लीत राहायचा. त्याने ते ओढून बसवलं, पण जरा वाकडंच बसवलं. क्लिफ हात लांब करून उभा राहिला की वाटे, हा काहीतरी मागतोय आणि मागताना लाजतोय.

चौदाव्या वर्षी तो बापामागून खाणीत उतरला आणि चोविसाव्या वर्षी, म्हणजे १९५० साली, आमच्या काउंटीने त्याला गोलंदाज म्हणून घेतलं. मी, पर्सी डॉक्सी, त्याच साली यष्टिरक्षक म्हणून आलो. पुढची दहा वर्षं तो धावत यायचा आणि मी यष्ट्यांमागे उकिडवा बसायचो. त्याच्या चेंडूंना माझ्याइतकं जगात कुणी ओळखत नसेल. त्याची बायको मेव्हिससुद्धा नाही.

तो काही फार वेगवान नव्हता. नऊ पावलांची धाव, आणि टप्पा पडल्यावर चेंडू थोडासा आत. दिवसभर टाक म्हटलं तर दिवसभर टाकायचा. ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर भल्याभल्यांना त्याने नाचवलं. पण त्याच्याकडे आणखी एक चेंडू होता. तीच धाव, तोच हात, आणि चेंडू टप्प्यावरून अचानक उसळून थेट फलंदाजाच्या हातमोज्यावर यायचा. संघात आम्ही त्याला 'टपली' म्हणायचो. दिवसात दोन किंवा तीन टपल्या, जास्त नाहीत.

पहिली टपली पडली १९५३ च्या ऑगस्टमध्ये. फलंदाजाने कसाबसा तोंडासमोर हात धरला, चेंडू मोज्याला लागून वर उडाला आणि मी झेलला. जाता जाता तो मला म्हणाला, "हा कुठून आला रे?"

"खाणीतून," मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो.

पण मी पाहिलं होतं. वाकडं कोपर अगदी शेवटच्या क्षणी झटक्याने उघडलं होतं. चेंडू टाकायचा असतो, फेकायचा नसतो. ही आमच्या खेळातली सगळ्यात जुनी लक्ष्मणरेषा. मी मनाची समजूत घातली की वाकडा हात वाकडाच दिसणार. पुढच्या वर्षी मला काउंटीची मानाची टोपी मिळाली. त्या हंगामात मी घेतलेल्या झेलांचं फार कौतुक झालं होतं, आणि त्यातले बरेच टपलीवरचे होते.

पाच वर्षं अशीच गेली. १९५८ च्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली, की जगभर फेकी गोलंदाज माजलेत आणि पंच झोपा काढतायत. एप्रिलमध्ये सगळ्या काउंट्यांना पत्र आलं. पंचांना ताकीद मिळाली होती: संशय आला तर नोबॉल पुकारा, नावगाव बघू नका.

आमचे कर्णधार होते लेथब्रिज साहेब. ते हौशी खेळाडू, आम्ही पगारी. त्यांचं कपडे बदलायचं दालन वेगळं, मैदानात उतरायचं फाटकही वेगळं. सरावाच्या पहिल्या दिवशी, थंडीने हात चोळत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी ते पत्र वाचून दाखवलं.

"आपल्याकडे कुणी याची काळजी करायचं कारण नाही," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लिफ आला तो बाह्या मनगटापर्यंत खाली करून, बटणं लावून. नऊ वर्षांत त्याच्या बाह्या मी कधी खाली पाहिल्या नव्हत्या.

त्या रविवारी मी त्याची शिडी परत द्यायला गेलो. मागच्या अंगणात वेगळाच प्रकार चालला होता. मेव्हिस ॲप्रन घालून कोळशाच्या खोलीपाशी उभी होती, म्हणजे मैदानावर गोलंदाजाचा हात बाजूने बघणारा स्क्वेअर लेगचा पंच उभा राहतो तिथे. त्यांची मुलगी डोरीन पायरीवर बसली होती आणि तिचा रबरी चेंडू घेऊन क्लिफ भिंतीवर गोलंदाजी करत होता.

"बघ हं. फक्त कोपराकडे बघ," तो म्हणाला.

"बघतेय."

त्याने टाकला. "काय झालं?"

"बॉल भिंतीवर आपटला."

"कोपराचं काय झालं, मेव्हिस?"

"कोपर गेलं तुझ्या हाताबरोबर. एकटं कुठं जाणार ते?" तिने मला पाहिलं. "पर्सी, तू तरी समजाव बाबा याला. चार दिवस झाले, चहाचा कप उचलताना पण हाताकडे टक लावून बघतो. अशाने येडा होईल."

क्लिफ माझ्याजवळ आला. कपाळावर घाम होता आणि हवेत तर चांगलाच गारवा होता.

"नऊ वर्षं तू समोर बसतोस," तो म्हणाला. "खरं सांग. मी फेकतो का रे?"

"नाही," मी म्हणालो.

इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच दचकायला झालं. पण त्याला 'नाही' हवं होतं, ते किती घाईने आलं हे त्याने ऐकलंच नाही. त्याने माझा खांदा दाबला आणि मेव्हिसला चहा टाकायला सांगितलं. मी काम आहे म्हणून निघालो.

माझं 'नाही' त्याला आठवडाभरही पुरलं नाही. मे महिन्यात सामने सुरू झाले. प्रत्येक सामन्याआधी तो पहिली चौकशी करायचा, पंच कोण आहेत? कोणता पंच कडक, कोणाची नजर अधू, कोण पूर्वी गोलंदाज होता, सगळं त्याला पाठ झालं. धावत येताना गोलंदाजाने यष्ट्यांकडे पाहायचं असतं. क्लिफ सहाव्या पावलाला मान वळवून स्क्वेअर लेगकडे पाहू लागला. चेंडू भलतीकडेच जायचे आणि मी डावीकडे उडी मारमारून दमायचो.

टपली तर त्याने पूर्ण बंदच केली. पूर्वी फलंदाज त्याच्यासमोर मागच्या पायावर अवघडून खेळायचे, कारण टपली कधी येईल सांगता येत नसे. आता ते बिनधास्त पुढे येऊन मारू लागले. सबंध मे महिन्यात त्याला नऊ बळी मिळाले. प्रेक्षागृहातली म्हातारी सभासद मंडळी एकमेकांना विचारू लागली, या स्किडमोरला झालंय तरी काय? दुसऱ्या संघात एक उंच गोलंदाज तयारच होता, त्याचं नाव ती घेऊ लागली. हे सगळं क्लिफच्या कानावर जायचं. आमच्याकडे गोलंदाजाची नोकरी हंगामागणिक ठरते. सप्टेंबरात पत्र येतं, ठेवलं किंवा नाही ठेवलं.

बाहेरगावच्या एका सामन्यात क्लिफ धाव घेत असताना स्वस्त बाकांवरून कुणीतरी गंमत म्हणून "नोबॉल" असं खणखणीत ओरडलं. क्लिफ जागच्या जागी थांबला. चेंडू हातातून गळून पडला. पंचाने तोंडही उघडलं नव्हतं. बाकांवर हशा पिकला. क्लिफने वाकून चेंडू उचलला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, बराच वेळ.

"स्किडमोर, काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. पाय घसरला."

जमीन खडखडीत कोरडी होती.

हॉटेलात आम्ही दोघं एका खोलीत असायचो. न्याहारीला तो भाजलेला खारा मासा माझ्या ताटात सरकवायचा. मी मुकाट्याने खायचो, कारण त्याचं ताट भरलेलं राहिलं की बाकीच्यांच्या नजरेत यायचं. पेपरात त्याचा फोटो आला की तो भिंग घेऊन बसायचा. "हे बघ," मला म्हणायचा, "इथं वाकलाय. पण हा तर नेहमीचा चेंडू आहे. नेहमीचा पण वाकतो का रे?" मी म्हणायचो, फोटोत सगळ्यांचेच हात वाकडे दिसतात. दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. मग वाटायचं, आज नको, आज त्याला गोलंदाजी करायचीय. आणि त्याला तर रोजच गोलंदाजी करायची असायची.

जूनमध्ये आमच्याच गावी, हॅडनवेलला सामना होता. पंचांची यादी लागली. क्लिफने ती वाचली आणि शेजारच्या बाकावर बसला. यादीत सॅम हिबर्टचं नाव होतं.

सॅम म्हणजे आमच्याच काउंटीचा सतरा वर्षं गोलंदाज. क्लिफला ती नऊ पावलांची धाव त्यानेच शिकवली. डोरीनच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरणारा धर्मपिता तोच. खेळ सोडल्यावर तो पंच झाला, आणि गेल्याच आठवड्यात दक्षिणेकडच्या एका तरुण गोलंदाजाला त्याने फेकीबद्दल एका षटकात तीनदा पुकारलं होतं. त्या पोराची बातमी सगळ्या पेपरांत होती. त्याला पुन्हा खेळवणार नाहीत असं लोक बोलत होते.

"सॅम असला तर बरंच की," मी म्हणालो. "आपला माणूस."

"सॅम आपलं-परकं बघत नाही," क्लिफ म्हणाला. "मला त्यानेच शिकवलंय ते."

पहिले दोन दिवस कसे तरी निभावले. साहेबांनी क्लिफला थोडीच षटकं दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्यांच्या दालनात बोलावलं. दहा वर्षांत मी तिथे दोनदाच पाऊल टाकलं होतं. ते बुटाची नाडी बांधत होते.

"डॉक्सी, तू जवळून बघतोस. स्किडमोर फेकतो का?"

"नेहमीचा चेंडू नाही, साहेब."

"आणि दुसरा?"

नाडी बांधून झाली होती, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"दुसरा फेकतो," मी म्हणालो.

"किती दिवसांपासून?"

"सहा वर्षं."

"हं. मलाही वाटायचं. मिड-ऑफवरून दिसतं." ते उठले. "त्याला सांग, आज तो चेंडू नको. आज हिबर्ट आहे."

"तुम्हीच सांगा ना, साहेब."

"मी सांगितलं तर मला इतके दिवस ठाऊक होतं असं होईल. तू मित्र आहेस त्याचा."

म्हणजे खरं बोललो, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्या आधी भलत्याशीच. जेवणाच्या सुट्टीत सांगणार होतो, तर क्लिफ एकटाच मैदानाच्या कडेने फेऱ्या मारत राहिला. शेवटी चहानंतर आम्ही फाटकातून मैदानात उतरत होतो, तेव्हा मी त्याच्या बाजूला गेलो.

"क्लिफ, टपली टाकू नकोस."

"महिनाभर टाकलीय कुठं?"

"आजही नको."

तो थांबला. बाकीचे आम्हाला ओलांडून पुढे गेले.

"का?"

"ती फेकी आहे."

त्याने आपल्या बाहीकडे पाहिलं. बटण लावलेलंच होतं. "कधीपासून माहितीय तुला?"

"पहिल्यापासून."

"आणि अंगणात मला नाही म्हणालास."

"हो."

"झेल बरे घेतलेस तिच्यावर."

तेवढ्यात मागून आवाज आला, "चला पोरांनो, उशीर होतोय." आवाज सॅमचा होता. क्लिफ असा दचकला की मला त्याच्याकडे पाहवेना.

समोरच्या संघाची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना चौदा धावा हव्या होत्या. आमच्या एका वेगवान गोलंदाजाची मांडी दुखावली होती, दुसऱ्याच्यात दम उरला नव्हता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चेंडू क्लिफकडे दिला. क्लिफ टाकणार तेव्हा स्क्वेअर लेगवर सॅम उभा होता, पांढरा कोट, हात खिशात.

पहिलं षटक क्लिफने नेहमीचं टाकलं. सहाव्या पावलाला मान वळली, सॅमकडे गेली, परत आली. त्यांनी चार धावा काढल्या. पुढच्या षटकात तीन. दुसऱ्या टोकाने आणखी चार गेल्या. आता तीनच उरल्या. बाकांवरची माणसं बोलायची थांबली होती. मला माझ्या मोज्यांतला घाम कळत होता. क्लिफला चेंडू पुसताना मी पाहत होतो, आणि तो काय विचार करतोय हे दहा वर्षांत पहिल्यांदाच मला ओळखता येईना.

तिसऱ्या षटकाचा चौथा चेंडू. तो धावत आला. सहावं पाऊल पडलं आणि मान वळली नाही. त्या हंगामात पहिल्यांदा तो सरळ यष्ट्यांकडे पाहत धावत होता. मी ओळखलं.

चेंडू टप्प्यावरून उसळला, फलंदाजाच्या मोज्याला लागला आणि माझ्या उजव्या बाजूला वर उडाला. सोडता आला असता. मी नंतर कितीदा तरी तो मनातल्या मनात सोडला आहे. पण हात आपोआप गेले आणि चेंडू हातात बसला. सगळ्यांनी एकच अपील केलं, समोरच्या पंचाने बोट वर केलं आणि आम्ही दोन धावांनी जिंकलो. मी सॅमकडे पाहिलं. तो गवताकडे पाहत होता.

पोरांनी क्लिफच्या पाठीवर थापा मारल्या. तो कुणाशीच बोलला नाही. आत जाऊन बूट न बदलता तसाच पंचांच्या खोलीकडे गेला, म्हणून मी त्याच्यामागे गेलो. दुसरा पंच अजून बाहेर होता. सॅम बूट काढत बसला होता.

"सॅम, तू ओरडला नाहीस," क्लिफ म्हणाला.

"पर्सी, दार लाव," सॅम म्हणाला. मी दार लावलं.

"गेल्या आठवड्यात त्या पोराला तीनदा पुकारलंस. त्याचं कोपर माझ्यापेक्षा बरं असणार."

"असेल."

"दिसलं ना तुला?"

सॅमने दुसरा बूट काढला आणि पहिल्याशेजारी नीट ठेवला. "दिसलं. तोंड उघडलं होतं मी, क्लिफ. आवाज आला नाही. मला डोरीन दिसली, मेव्हिस दिसली. काय सांगू तुला?"

"मी दोन महिने त्या आवाजाची वाट बघतोय," क्लिफ हळू आवाजात म्हणाला. "अन्न जात नाही घशाखाली. कुणी खाकरलं तरी जीव उडतो माझा. आज म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. सॅम आहे, सॅम पुकारेल, संपेल. म्हणून टाकली. जिंकायला नाही टाकली, पुकारावं म्हणून टाकली. आणि तू गवत बघत बसलास."

"पुढच्या वेळी टाकलीस तर पुकारीन."

"पुढची वेळ आहे कुठं?" क्लिफ म्हणाला आणि माझ्या अंगावरून दार उघडून निघून गेला.

तो तसाच साहेबांकडे गेला आणि म्हणाला, मला संघातून वगळा, मी हात सुधारून येतो. साहेबांनी फार आग्रह केला नाही. पेपरात आलं, स्किडमोरचा खांदा दुखावला.

त्या हिवाळ्यात त्याने तीन पावलांवरून संथ फिरकी टाकायचा सराव केला. मेव्हिसने नंतर मला सांगितलं, रविवारी चर्च चुकवून अंगणात असायचा. पुढच्या हंगामात काउंटीने त्याला दोन सामने दिले. फिरकी वाईट नव्हती. त्या हातावर कुणीच शंका घेतली नाही, घेण्यासारखं काही नव्हतंच. पण तिसऱ्या पावलाला त्याची मान स्क्वेअर लेगकडे वळायचीच. सप्टेंबरात काउंटीचं पत्र आलं, आभाराचं. तो खाणीवर परत गेला. खाली नाही उतरला, वर दिव्यांच्या खोलीत. उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे आणि वर येणाऱ्यांचे परत घ्यायचे. त्याच वर्षी सॅमने पंचगिरी सोडली. गुडघे दुखतात म्हणाला.

माझ्याशी क्लिफ जवळजवळ सात वर्षं बोलला नाही. मी आणखी चार हंगाम खेळलो. खाटकाच्या रांगेत कधी मेव्हिस भेटायची. "बरा आहे तो," म्हणायची. "आता जेवतो नीट. पण तू येऊ नकोस हं अजून."

१९६६ च्या मार्चमध्ये सॅम गेला. त्याच्या बायकोने शवपेटी उचलायला जुन्या खेळाडूंना बोलावलं. क्लिफ आणि मी एकाच उंचीचे, म्हणून आम्हाला समोरासमोर उभं केलं. सगळा वेळ त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर चर्चच्या दालनात चहा आणि थंड हॅम होतं, तिथेही तो दूर बसला. परतीच्या बसमध्ये मात्र बाकी जागा रिकाम्या असताना माझ्याशेजारी येऊन बसला.

दोन थांबे गेले.

"किती होते?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"टपलीवरचे. तुझे झेल."

"मोजले नाहीत मी."

"थापा मारू नकोस, पर्सी. कीपर मोजतो."

"एकतीस," मी म्हणालो. "शेवटचा धरून."

"आणि बाकीच्यांनी घेतलेले?"

"सात."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. ओठ हलत होते, हिशेब चालला होता. "मला वाटलं होतं जास्त असतील," तो म्हणाला. "सहाशे बारा विकेट आहेत माझ्या. त्यातल्या अडतीस वजा कर."

"पाचशे चौऱ्याहत्तर."

"त्या टाकलेल्या ना? नीट? आता तरी खोटं बोलू नकोस."

"टाकलेल्या. त्यातला एकही चेंडू फेकलेला नव्हता, क्लिफ. मी बघत होतो."

त्याने मान डोलवली. माझ्या बोलण्यावर त्याचा कितपत विश्वास बसला, मला सांगता येणार नाही. माझ्याच एका 'नाही'ने त्याचा विश्वास घालवला होता. खाणीच्या कोपऱ्यावर बस थांबली तेव्हा तो उठला, दांड्याला धरून जरा घुटमळला आणि म्हणाला, "ये एखाद्या रविवारी. मेव्हिसला सांगून ठेवतो."

पहिल्या रविवारी माझं धाडस झालं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो. मेव्हिसने दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "बूट पूस आधी. आताच फरशी पुसलीय मी."